ग्रामपंचायतीत अर्ज दिला म्हणून मरणाचं इंजेक्शन मिळत नाही

पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: सुप्रीम कोर्टाने इच्छामरण कायदेशीर केले. आजारी म्हाताऱ्या माणसाने ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, डॉक्टर इंजेक्शन देतील. विनोबांनीही हेच केले, परदेशात कधीचेच चालू आहे. मुलांवर ओझे होण्यापेक्षा ज्येष्ठांनी वेळेत सही करावी. शेजारच्या आजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बाई, मले बी फारम भरा लागते काय?" त्या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही.

आधी इंजेक्शनचं. ते कायदेशीर नाही, कधीच झालं नव्हतं. २०११ मध्ये, वर्षानुवर्षं दवाखान्यात निपचित पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात आणि पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं जे मान्य केलं, ते एवढंच की बरं होण्याची आशा संपलेल्या माणसाला यंत्रांवर ओढत ठेवणारे उपचार थांबवता येतात. आजार आपल्या वाटेनं जातो, डॉक्टर मारत नाही. रुग्णानं कितीही विनवलं तरी डॉक्टरनं जीव घेणारं इंजेक्शन दिलं तर तो सदोष मनुष्यवध. आणि गोळ्या हातात देऊन 'घ्या' म्हणणारा आत्महत्येला मदत करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

ग्रामपंचायतीचा उल्लेख मात्र हवेतून आलेला नाही. शुद्धीत असतानाच 'माझ्यावर व्हेंटिलेटर वगैरे नको' असं लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, आणि २०२३ पासून न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. त्याची एक प्रत स्थानिक संस्थेकडे, म्हणजे गावात पंचायतीकडे, जपून ठेवायला द्यायची असते. पंचायत कागद सांभाळते, परवानगी देत नाही. तो कागदही कामी येतो तो माणूस स्वतः काही सांगू शकत नसेल तेव्हाच, आणि त्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून होकार द्यावा लागतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मन ठिकाणावर असलेल्या कोणत्याही माणसाला तो करता येतो. ज्यांना करायचा त्यांनी जरूर करावा, मी स्वतः करणार आहे. पण फॉर्म भरलाच पाहिजे असं कोणावर बंधन नाही, आजी.

विनोबांचं नाव वाचून मला राग आला. पवनार आमच्यापासून लांब नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणं थांबवलं आणि १५ तारखेला धाम नदीकाठच्या आश्रमात देह ठेवला. वय ८७. तेव्हा त्यावरही मतभेद होते, आजही असू शकतात. पण त्यांना कुणी इंजेक्शन दिलं नाही, आणि आपण कुणाला जड झालो म्हणून ते गेले नाहीत.

परदेशाचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७ पासून. दोन्हीकडे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंच लागतं. ओरेगनमध्ये सहा महिन्यांच्या आत मरण येईल असं निदान लागतं, आणि मरणाचं औषध घेणारे बहुतेक जण आधीपासून वेदनाशामक सेवेत असतात. आपल्या तालुक्यात ती सेवा कुठे आहे, ते मेसेज पाठवणाऱ्यानं सांगावं.

आता 'ओझं'. माझ्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, गालाचा कॅन्सर झाला. तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला होता. तोंड उघडेना, बोलता येईना, नाकातून नळी. ते नातीच्या पाटीवर लिहून सांगायचे. एका रात्री पाटीवर लिहिलं, "मले मोकयं कर". मी ती पाटी पुसली आणि पुसताना मलाही क्षणभर वाटलं, मोकळं करावंच. हे लपवत नाही. मेसेजला खोटं म्हणताना ती रात्र आठवते म्हणूनच लिहिते आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात ताप उतरवायच्या गोळ्या मिळाल्या, तीव्र दुखणं थांबवणारं मॉर्फिन नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते औषध इतकं अवघड करून ठेवलं की २०१४ मध्ये नियम सैल झाले तरी खेड्यापर्यंत ते पोचलंच नाही. दोन एसट्या बदलून मोठ्या दवाखान्यातून दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. दर चार तासांनी एक, बारीक कुटून, पाण्यात कालवून नळीतून. रात्रीच्या गोळीला गजर लावायचा. पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यावंच लागतं, हे मला नर्सताईंनी दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी पाटी मागितली. लिहिलं, "कापूस काय भाव?"

सगळ्यांचं दुखणं असं आटोक्यात येत नाही, हे मला माहीत आहे. ज्यांचं येत नाही त्यांच्यासाठी कायदा काय असावा यावर भांडावं, मी ऐकून घेईन. पण आमच्याकडे प्रश्न त्याच्या कितीतरी अलीकडे अडला आहे. पीकविमा बुडाला की शेतकरी कलेक्टरकडे इच्छामरणाची परवानगी मागतो. त्याला मरायचं नसतं, पैसे हवे असतात. मामाजींनाही मरायचं नव्हतं, दुखणं थांबायला हवं होतं.

शेवटी डॉक्टरांनी आयसीयूचं विचारलं. मामाजींनी स्वतः मान हलवून नको म्हटलं, आम्ही ते ऐकलं आणि त्यांना घरी आणलं. हा त्यांचा हक्क होता, त्याला कुठलाही अर्ज लागला नाही. नंतर एकवीस दिवस ते ओसरीतल्या बाजेवर होते. गोळी एकदाही चुकली नाही. पाटीवर शेवटचं जे लिहिलं ते नातीसाठी होतं, बेचा पाढा, अर्धा. बाकीचा तिनं पूर्ण केला.