हेरपटाची काटकसर कुठे करायची

मराठीत हेरपट का होत नाहीत, असा वाद निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात: बजेट नाही आणि थिएटर मिळत नाही. दुसरं उत्तर खरं आहे. पहिलं हाँगकाँगात बसून पटत नाही.

इथल्या क्लिअरवॉटर बेमधल्या शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत 'द मिलियन आइज ऑफ सुमुरू' (1967) चित्रित झाला. जगाची सत्ता पुरुषांच्या हातून काढून घ्यायला निघालेली सुमुरू आणि तिची बायकांची फौज. निर्माते हॅरी ॲलन टॉवर्स यांनी तयार स्टुडिओ घेतला, पडद्यावर आपोआप श्रीमंत दिसणारं शहर घेतलं आणि 'गोल्डफिंगर' या बाँडपटातल्या सोनेरी मुलीमुळे ओळखीची झालेली शर्ली ईटन घेतली. त्या काळचे हात आखडून खर्च करणारे निर्माते टेक्निस्कोप या फिल्म वाचवणाऱ्या पद्धतीने चित्रण करत. नेहमीच्या 35 मिमी फिल्मला एका चौकटीसाठी कडेच्या 4 छिद्रांएवढी उंची लागते, टेक्निस्कोपला 2. म्हणजे 1000 फुटांचं रीळ 11 ऐवजी 22 मिनिटं चालायचं. पण चौकट छोटी, त्यामुळे मोठ्या पडद्यावर फिल्मचे दाणे दिसत, आणि गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या खिडकीत, अडकलेला केससुद्धा दोरखंडाएवढा.

आज फिल्मचा खर्च उरलेला नाही. फौज मात्र उभी करावीच लागते. 12 जणी पुरतात: लांब पल्ल्याची लेन्स लावा, त्यांना तिरक्या रांगेत उभं करा, म्हणजे मधलं अंतर मिटून गर्दी दाट वाटते. ठोसा कॅमेऱ्याच्या रेषेत मारा. बाजूने घेतलात तर मुठीतलं आणि हनुवटीतलं अंतर उघडं पडतं. पिस्तुलाचा जाळ नंतर संगणकावर घालता येतो, पण गोळी सुटल्यावर वरची स्लाइड मागे गेली नाही तर प्रेक्षक लगेच ओळखतो; गॅसवर चालणारं नकली पिस्तूल ती हालचाल देतं. आणि प्रत्येक लोकेशनवर किमान 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती नसेल तर डबिंग चित्रापासून तुटलेलं ऐकू येतं.

'सुमुरू' फसला तो पैशामुळे नव्हे. जग जिंकायला निघालेल्या बाईची योजना लिहिणाऱ्यांनीच गंभीरपणे घेतली नाही. तिच्या फौजेत प्रेमाला बंदी, आणि नायकाने जरा गोडी लावली की शिस्त ढासळते. ती सत्ता घेऊन काय करणार, दुसऱ्या दिवशी सकाळी राज्य कसं चालवणार, यावर धड एक प्रसंग नाही. हे लिहायला वेळ लागतो, पैसा थोडाच.

म्हणूनच आपल्याकडच्या अनुदानाबद्दल बोलायला हवं. महाराष्ट्र सरकार तयार चित्रपट पाहून, दर्जा ठरवून पैसे देतं. हाँगकाँगची नव्या दिग्दर्शकांच्या पहिल्या चित्रपटासाठी 2013मध्ये सुरू झालेली योजना पटकथा आणि निर्मितीचा आराखडा तपासून चित्रणाआधीच पैसे देते. 'मॅड वर्ल्ड' असाच 20 लाख हाँगकाँग डॉलरांत झाला. इथलं सगळं छान आहे असं नाही. 90च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 200च्या वर चित्रपट काढणारं हे शहर आता काही डझनांवर आलंय. प्रेक्षक आपल्याकडे आहे, अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेला. अनुदानाचा एक हप्ता पटकथेच्या टप्प्यावर द्या, आणि पहिला हेरपट एखाद्या बाईच्या हातात जगाची सूत्रं देणारा असू द्या.