नाचणीचा डाग आणि बाळाचं वय

पहिल्या वर्षातली बाळाची प्रगती लोक फोटोंच्या अल्बमात बघतात. मला ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसते. नाचणी कुठे वाळलीय एवढं दाखवा, बाळाचं वय मी महिन्याच्या फरकाने सांगते.

हनुवटीवर आणि गळ्याच्या वळीत असेल, तर नुकताच सातवा लागलाय. उष्टावणाच्या दिवशी चांदीच्या वाटीतली खीर दिमाखात चाटणारं बाळ दुसऱ्या दिवसापासून असहकार पुकारतं. तोंडात आलेलं जिभेने बाहेर ढकलायचं, ही सोय ते जन्मतःच घेऊन येतं. चार ते सहा महिन्यांत ती मावळते, पण काही बाळांना हे कळवायचं राहून जातं. मग नाचणीचं सत्त्व आत जातं, बाहेर येतं, हनुवटीवरून निपटून पुन्हा आत. एकच घास चारदा भरवला की घरात ‘आज चार चमचे खाल्लं हो’ असं जाहीर होतं. सुरुवातीला दोन-तीन चमचेच द्यायचे असतात, त्यामुळे हा हिशोब सगळ्यांच्याच सोयीचा.

त्या दोन चमच्यांमागे मात्र आपले चार-पाच दिवस गेलेले असतात. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, निथळून ओल्या फडक्यात बांधायची. मोड यायला दीड दिवस, थंडीत दोन. मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळवायची. ओल राहिली तर पीठ कुबट होतं. मग मंद आचेवर खमंग भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. वस्त्रगाळ सहाव्या-सातव्या महिन्यापुरतं ठीक, पुढे नुसतं चाळलेलं पुरतं, असं माझं मत. ते आजेसासूबाईंसमोर मांडायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

शिजवताना मोठा चमचाभर पीठ पाऊण कप गार पाण्यात आधी कालवायचं, मगच आचेवर ठेवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्याच, कारण बाहेरचा थर चटकन शिजून चिकट होतो आणि आत पाणी शिरतच नाही. पाच-सात मिनिटं हात न थांबवता ढवळायचं आणि जरा पातळ असतानाच उतरवायचं, निवताना ते दाटतंच. मीठ-साखर वर्षाच्या आत नको. मध तर अजिबात नको, कितीही मानाच्या आत्याबाई बोट बुडवून उभ्या असल्या तरी. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी एवढ्याशा जिवाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

नाचणी कानात आणि केसांत दिसली, की आठवा महिना. आता चमचा त्यालाच हवा असतो. दोन्ही मुठींत एकेक चमचा द्यायचा आणि तिसऱ्याने भरवायचं. लाळेरं कितीही मोठं घ्या, सांडणारं त्याच्या कडेबाहेरच सांडतं.

नवव्यात चिमूट जमते. अंगठा आणि तर्जनी जुळली, की ताटलीतला मऊ भात नकोसा होतो आणि फ्रिजखालची गेल्या आठवड्यातली मोहरी बरोबर सापडते. जाडसर घासाला ठसका लागून ते लालबुंद होऊन खोकलं, तर धीर धरावा. ते स्वतःच घास बाहेर ढकलत असतं. आवाजच बंद झाला, तर मात्र क्षणही दवडू नये. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं म्हणूनच हाताशी ठेवायची नाहीत.

दहाव्यात डाग जमिनीवर उतरतात. चमचा टाकायचा, वाकून बघायचा, आपण उचलून दिला की पुन्हा टाकायचा. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला नुकतं उमगलंय आणि त्याची खातरजमा दिवसातून चाळीसदा करावी लागते.

अकराव्यात फेकण्याचा पल्ला वाढतो आणि ताटात हळद घातलेली मऊ खिचडी येते. नाचणी ओली असताना पुसली तर निघते, वाळली की खरवडावी लागते. हळदीचं तंत्र वेगळं. डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नये, धुऊन कडक उन्हात टाकावं, डाग फिका पडतो. दुपटी, लाळेरी, बाबांचे शर्ट, सगळं असं निभतं. भिंत तेवढी दोरीवर घालता येत नाही.