‘मोठा’ हे हत्तीचं नाव नव्हे

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: ‘ठोकळे, पट्ट्या, खरखरीत फळ्या यांत वेळ घालवू नका. चित्रकार्डं किंवा व्हिडिओ दाखवा, महिन्याभरात मूल शंभर विशेषणं बोलेल. लहान-मोठा, मऊ-कडक एवढं पुरे, अवघड शब्द पुढे शाळेत येतातच. हात लावून शिकणं फक्त स्पर्शाने शिकणाऱ्या मुलांसाठी असतं. वस्तू हातात दिली की मूल नुसतं खेळत बसतं.’ माझा दिवस तीन ते सहा वर्षांच्या मुलांत जातो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी कार्डं. ‘मोठा’च्या कार्डावर हत्ती, ‘लहान’च्या कार्डावर मुंगी. दोन्ही चित्रं तळहाताएवढी! मुलाच्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच. राखाडी, सोंडवाला, कान हलवणारा, यातलं ‘मोठा’ नेमकं कोणतं, हे ते कशावरून ठरवणार? नामाचं तसं नसतं, बोट दाखवून ‘चेंडू’ म्हटलं की बहुतेक वेळा भागतं. विशेषण वस्तूला चिकटलेलं असतं, ते वेगळं काढून दाखवावं लागतं. म्हणून तर मुलांच्या बोलण्यात आधी नामं येतात आणि विशेषणं मागून.

मारिया माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या साधनांत हीच अडचण सोडवलेली आहे. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. लाकूड तेच, रंग तोच, आकार तोच. बदलतं फक्त आकारमान. सगळ्यात छोटा दोन बोटांच्या चिमटीत येतो, सगळ्यात मोठ्याला पंजा पुरत नाही आणि त्यात छोट्याच्या हजारपट लाकूड असतं. हा फरक मनगटाला कळतो. तेव्हा ‘मोठा’ म्हटलं की शब्द जाऊन चिकटायला दुसरी जागाच उरत नाही.

इथे आपली, म्हणजे मोठ्या माणसांची, एक खोड सांगते. आपण सगळ्यालाच ‘मोठं’ म्हणतो. मोठी काठी, मोठा दोर, मोठं झाड. काठी लांब असते, दोर जाड असतो, झाड उंच असतं. माँटेसोरीबाईंच्याच साधनांतल्या तपकिरी जिन्याचे दहाही ठोकळे २० सेंटिमीटर लांब असतात, त्यांत फरक फक्त जाडीचा. लाल दांडे १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत जातात, पण जाडी सगळ्यांची एकच. मुलाने दोन्ही हाताळले की ‘जाड’ आणि ‘लांब’ यांची गल्लत होत नाही. शिवाय ‘हा त्याच्यापेक्षा जाड’, ‘हा सगळ्यांत जाड’ हे व्याकरण मांडणी करतानाच तोंडात बसतं. सुट्या कार्डाला ‘पेक्षा’ कुठून येणार?

महिन्यात शंभर? पाठ होतील कदाचित. रंगांचंच बघा. आपल्या मुलांना रंगांची नावं नीट जमायला वेळ लागला, असं खुद्द चार्ल्स डार्विनने १८७७ साली लिहून ठेवलंय. मूल ‘लाल, निळा, पिवळा’ घडाघडा म्हणतं आणि ‘निळा दे’ म्हटलं की पिवळा आणतं. म्हणणं वेगळं, कळणं वेगळं. फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्याकडून आलेला तीन टप्प्यांचा पाठ ही फट ओळखतो. आधी फक्त नाव: ‘हे खरखरीत. हे गुळगुळीत.’ मग ‘खरखरीत दे’, ‘गुळगुळीत तिकडे ठेव’, ‘खरखरीतवरून बोट फिरव’. हा टप्पा लांबवायचा, मुलांना यात धमाल येते. शेवटी बोट ठेवून ‘हे कसं आहे?’ चुकलं तर ‘नाही, असं नाही’ म्हणायचं नाही. गुपचूप मागच्या टप्प्यावर यायचं.

व्हिडिओबद्दल फार बोलत नाही. अगदी लहान मुलं पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त चांगलं शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास घातली आहे.

‘अवघड शब्द पुढे’ हे मात्र मला मुळीच पटत नाही. खरखरीत, खडबडीत, बुळबुळीत, लुसलुशीत, भुसभुशीत: हे शब्द म्हणतानाच जीभ त्या पोतावरून फिरून येते. मुलं ते चघळतात. तीन वर्षांच्या मुलाला ‘खडबडीत’ अवघड वाटतो, असं ठरवलं कोणी? सँडपेपर खरखरीत आणि ओबडधोबड दगड खडबडीत, हा फरक हाताखाली असला तर चार वर्षांचं पोर आपल्यालाच दुरुस्त करतं.

स्पर्शाने शिकणारी मुलं वेगळी असतात, या समजुतीला २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. मूल कुठलंही असो, ‘जड’ हे उचलल्यावरच कळणार.

मेसेजच्या शेवटच्या वाक्यात, ‘मूल नुसतं खेळत बसतं’ यात, थोडं तथ्य आहे. साधन शब्द बोलत नाही. मूल आठवडाभर मनोरा रचेल आणि ‘सगळ्यात मोठा’ हा शब्द त्याला मिळणारही नाही, कोणी दिला नाही तर. पण नुसतं खेळणं म्हणजे वाया गेलेला वेळ नाही, शब्दासाठी जागा तिथेच तयार होते.

आमच्याकडे तापमानाच्या फळ्या आहेत: लाकूड, लोकर, काच, लोखंड. एकाच खोलीत ठेवलेल्या, म्हणजे तापमान सगळ्यांचं सारखंच, पण लोखंड हाताची ऊब भराभर ओढून घेतं. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने लोखंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ओलं आहे.’ मी काही बोलले नाही. तिने फ्रॉकने फळी पुसली, तळवा पाहिला, परत हात ठेवला, परत पुसली. पाचेक वेळा. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा म्हटलं, ‘गार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीचा गज धरला. ‘गार,’ म्हणाली. तरी हात फ्रॉकला पुसलाच.