‘दहावीच्या वर्षी खेळ बंद’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘दहावीच्या पालकांनी नक्की वाचा’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो वाचलाही नव्हता. गेल्या आठवड्यात वहिनीने तोच घरच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाचीचं खो-खोला जाणं बंद झालं. पाचवीपासून खेळणारी मुलगी. म्हणून आता लिहिणं भाग आहे.

मेसेजमध्ये पाच गोष्टी सांगितल्या आहेत. वयात आलेल्या मुलींनी धावू नये, उड्या मारू नयेत, गर्भाशय सरकतं. कोरियातली मुलं दिवसभर बसून अभ्यास करतात म्हणून तो देश पुढे गेला. भारतातली मुलं जगाच्या मानाने भरपूर हालचाल करतात, त्यामुळे काळजी नको. रविवारी दोन तास खेळलं की आठवड्याची भरपाई होते. आणि शेवटी, मूल स्वतः ‘मी बरा आहे’ म्हणत असेल तर त्याची तब्येत चांगली आहे, उगाच डॉक्टरकी करू नका.

गर्भाशयाचं आधी. ते ओटीपोटात हाडांच्या कड्याच्या आत असतं, स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं. धावल्याने ते जागचं हलत नाही. ही भीती जुनी आहे आणि तिने मुलींचं फार नुकसान केलं आहे. 1928च्या ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या; त्यांना हे झेपत नाही असं ठरवून ती शर्यत काढून टाकली, ती परत आली 1960 साली. आपल्या साताऱ्याची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत 3000 मीटर. तिच्याच राज्यात आपण मुलींना उडी मारू नको म्हणतोय, याचा मला खरोखर संताप येतो.

आता कोरिया आणि भारत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या 16 लाख मुलामुलींची माहिती एकत्र करून मांडली. निकष साधा होता: दिवसाला किमान तासभर, दम लागेल अशी हालचाल होते का? 2016च्या आकड्यांनुसार जगातल्या 81 टक्के मुलांची तेवढी होत नाही. मेसेज ज्या कोरियाचं कौतुक करतो तो दक्षिण कोरिया यात सगळ्यात मागे आहे, 94 टक्के. तिथल्या मुलींमध्ये तर 97 टक्के. बसून बसून देश पुढे गेला असेल-नसेल, पोरांची शरीरं मागे पडली एवढं नक्की.

भारताचा आकडा सुमारे 74 टक्के. म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा आपण बरे, हे मेसेजवाल्याचं म्हणणं खरं आहे, मान्य करते. पण शंभरातली चौऱ्याहत्तर मुलं कमी पडतात, यात निश्चिंत होण्यासारखं काय आहे? शिवाय आपल्या मुलींचा आकडा त्यातल्या त्यात बरा दिसण्याचं एक संभाव्य कारण त्याच अभ्यासाच्या वेळी सांगितलं गेलं: त्यांच्यावर पडणारी घरकामं. केर-लादी आणि पाणी भरणं मोजून ‘आमच्या मुली सक्रिय’ म्हणायचं आणि मैदान मात्र बंद करायचं!

रविवारचं गणित तर तिसरीतलं पोरही करेल. रोज सरासरी 60 मिनिटं म्हणजे आठवड्याला 420. त्यातली 120 रविवारी झाली, उरलेली 300 कुठून आणणार? एखादा दिवस चुकला तर चालतं, कारण शिफारस सरासरीची आहे. पण सहा दिवस चुकवून चालत नाही.

बसण्याबद्दल एक कबूल करायला हवं. किती तास बसलं की धोका, अशी रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी आखलेली नाही. बसणं कमी करा, विशेषतः करमणुकीसाठी स्क्रीनसमोरचं, एवढंच त्या सांगतात. पुस्तक घेऊन बसणं आणि रील्स बघत लोळणं एक नाही, हे मलाही पटतं. खेळाने मार्क वाढतात असा दावाही मी करणार नाही. तासभर खेळल्याने वर्ष वाया जात नाही, माझं म्हणणं तेवढंच आहे.

खरा घात शेवटच्या मुद्द्यात आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला ‘कशी आहेस’ विचारलं तर ती ताप, सर्दी, पोटदुखी आठवते, आणि यातलं काही नसेल तर म्हणते ‘बरी आहे’. जिना चढताना लागणारी धाप, अवघडलेली पाठ, दुपारी मिटणारे डोळे हे तिच्या हिशेबात आजार नसतातच, कारण वर्गातल्या सगळ्यांचं तसंच चाललेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. यातल्या किती जणी घरी ‘बरी आहे’ म्हणत असतील?

मुलांचं उत्तर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तब्येत उत्तम, चांगली, बरी की वाईट, हा प्रश्न संशोधकही मुलांना विचारतात, आणि नियमित खेळणारी मुलं साधारणपणे वरचं उत्तर देतात. खेळतात म्हणून बरं वाटतं की बरं वाटतं म्हणून खेळतात, हे एकदाच विचारून कळत नाही. पण तेच मूल कालपर्यंत काय म्हणत होतं हे घरच्यांना माहीत असतं, ते त्यांनी ऐकायला हवं. दिवाळीत भाचीला विचारलं होतं तेव्हा ती ‘एकदम मस्त’ म्हणाली होती. परवा फोनवर म्हणाली, “बरी आहे गं आत्या, पाठ दुखते जरा, बाकी काही नाही.” वहिनीने यातलं ‘बरी आहे’ ऐकलं. मला ‘मस्त’ गेलेलं ऐकू आलं.

काल दादाशी बोलले. सराव साडेपाच ते साडेसहा, क्लास सात वाजता, आणि मैदान क्लासच्या वाटेवर. सोमवारपासून पाठवतो म्हणालाय. वहिनीची समजूत अजून काढायची आहे, तिच्यासाठीच हे सगळं लिहून काढलं.