रिव्हर्स स्प्लिटने तोटा भरून निघत नाही

‘कंपनीने दहास एक रिव्हर्स स्प्लिट जाहीर केले आहे, दीड रुपयाचा शेअर एका रात्रीत पंधरा रुपयांचा होईल, तेव्हा रेकॉर्ड डेटच्या आधी मिळतील तितके घ्या आणि जुना तोटा भरून काढा,’ असा मजकूर ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरत आहे. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी त्यापायी मुदत ठेव मोडायचे ठरवले नसते, तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. दहास एक रिव्हर्स स्प्लिट म्हणजे शेअरांचे एकत्रीकरण: दहा जुन्या शेअरांचा एक नवा शेअर होतो; आणि ज्या दिवशीच्या भागधारकांच्या नोंदीनुसार ते होते, ती रेकॉर्ड डेट.

मामांकडे बारा रुपयांनी घेतलेले १,००० शेअर आहेत. गुंतवणूक १२,००० रुपये, आजचे मूल्य १,५००. एकत्रीकरणानंतर त्यांच्याकडे पंधरा रुपये भावाचे १०० शेअर राहतील आणि मूल्य १,५००च राहील. मुद्दल परत मिळण्यासाठी पूर्वी दीडाचे बारा व्हावे लागत होते, आता पंधराचे एकशेवीस व्हावे लागतील. दोन्हीकडे वाढ आठपटच हवी. मजकूर लिहिणाऱ्याने भावाला दहाने गुणले आणि संख्येला दहाने भागायचे सोयीस्करपणे टाळले.

मजकुराला पुरावा म्हणून ब्रोकरच्या अॅपचे जे छायाचित्र जोडले आहे, ते मला सर्वांत घातक वाटते. त्यात १०० शेअर, सरासरी खरेदी बारा रुपये, चालू भाव पंधरा आणि हिरव्या अक्षरांत ३०० रुपये नफा दिसतो. असे खरोखर दिसू शकते, कारण एकत्रीकरणात शेअरची ओळख असलेला जुना आयएसआयएन क्रमांक बंद होऊन नवे शेअर नव्या क्रमांकाने डिमॅट खात्यात जमा होतात आणि ब्रोकरने खरेदी किंमत दुरुस्त करेपर्यंत अॅप जुनाच आकडा दाखवू शकते. ही नोंदीतली दिरंगाई आहे, नफा नव्हे. आयकर कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे: एकत्रीकरणातून आलेल्या शेअरची खरेदी किंमत ज्या मूळ शेअरांतून तो आला त्यांच्याच खर्चावरून काढायची असते. म्हणजे मामांच्या प्रत्येक नव्या शेअरची किंमत १२० रुपये. पंधराला विकल्यास शेअरमागे १०५ रुपयांचा तोटा होतो, अॅप कोणताही रंग दाखवो.

रेकॉर्ड डेटच्या आधी ‘मिळतील तितके घ्या’ हा सल्ला तर निव्वळ दुसऱ्याचा माल खपवण्याचा दिसतो. ठेवीतले ५०,००० रुपये घातले, तर दीड रुपयाने ३३,३३३ शेअर येतील, त्यांचे ३,३३३ होतील आणि त्यांचे मूल्य जवळजवळ ५०,०००च राहील. उरलेल्या अपूर्णांकाची रक्कम सहसा रोख मिळते, इतकेच. सरासरी खाली आली म्हणून कंपनीचा धंदा सुधारत नाही. शिवाय अशा शेअरला एकदा लोअर सर्किट, म्हणजे दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा, लागू लागले की विकायला ग्राहकच सापडत नाही, आणि मुदत ठेवीला ती अडचण नसते.

मजकुरात सिटीग्रुप या अमेरिकी बँकिंग कंपनीचे उदाहरण आहे आणि ते, नाइलाजाने मान्य करतो, अर्धे खरे आहे. मे २०११ मध्ये त्या कंपनीने दहास एक एकत्रीकरण केले आणि सुमारे साडेचार डॉलरचा शेअर पंचेचाळीसच्या आसपास दिसू लागला. मात्र त्याच वेळी शेअरांची संख्या सुमारे २९ अब्जांवरून २.९ अब्जांवर आली, हे वाक्य गाळले आहे. अमेरिकेत नॅसडॅक या शेअर बाजारात भाव सलग ३० व्यवहारदिवस एका डॉलरखाली राहिला की कंपनीला नोटीस मिळते, म्हणून तिथल्या अनेक दुबळ्या कंपन्या नोंदणी टिकवण्यासाठी हा मार्ग धरतात. तिथे हे बहुधा अडचणीचे लक्षण असते.

‘मोठा गुंतवणूकदार येतो आहे’ या मजकुरातल्या दाव्याला आधार दिलेलाच नाही, म्हणून उत्तरही नको.

शेवटचा दावा असा की एकत्रीकरणाच्या दिवशी तोटा करातून आपोआप वजा होतो. तसे होत नाही. त्यासाठी शेअर विकावा लागतो. अल्प मुदतीचा तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा करता येतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून, आणि विवरणपत्र वेळेत भरले असेल तर उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. मामांचे शेअर वर्षापेक्षा जुने, म्हणजे दीर्घ मुदतीचे आहेत, म्हणून त्यांना दुसरीकडे दीर्घ मुदतीचा नफा झाला तरच या तोट्याचा काही उपयोग होईल.