पाच वॉटचा प्रोसेसर आणि चाळीस पटींचा हिशेब

"फोनचा प्रोसेसर ५ वॉटवर चालतो, सर्व्हरचा २०० वॉट खातो. डेटा सेंटरमध्ये फोनचे प्रोसेसर बसवले तर वीज चाळीस पटींनी वाचेल. पण कंपन्यांना ते करायचंच नाही." हा दावा महिनाभरात मला चौघांनी पाठवला, त्यातले दोघे इंजिनिअर. वीज वाचावी असं मलाही मनापासून वाटतं, म्हणून तर हा चुकीचा हिशेब खटकतो.

आधी ते चाळीस पट. वॉट म्हणजे वीज खाण्याचा वेग. बिल येतं ते वॉट गुणिले वेळेचं. शिवाय प्रोसेसर एकटा चालत नाही. मेमरी, नेटवर्क, डिस्क, पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज, हे सगळं सोबत येतं. समजा, मोठ्या सर्व्हरच्या प्रोसेसरचे २०० वॉट आणि बाकीच्या भागांचे १००, आणि एक काम त्याने १ मिनिटात उरकलं. झाले १८,००० ज्यूल (वॉट गुणिले सेकंद). फोनचा प्रोसेसर बसवलेल्या छोट्या बोर्डवर प्रोसेसरचे ५ वॉट आणि बाकीचे १०, पण त्याच कामाला लागली २० मिनिटं. पुन्हा १८,००० ज्यूल! चाळीस पट गेले कुठे?

दाव्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग, कमी ठेवला की व्होल्टेजही उतरवता येतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून मंद कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) खरोखरच काटकसरी असतात. पण काम बारीक तुकड्यांत वाटता आलं तरच. सगळ्यात मागे राहिलेल्या तुकड्यासाठी बाकीचे ताटकळत बसतात.

"कंपन्यांना करायचंच नाही" हे तर सरळ खोटं आहे. सर्व्हर बनवणाऱ्या सीमायक्रोने २०१० मध्ये एका पेटीत इंटेलचे कमी वीज खाणारे ५१२ अ‍ॅटम प्रोसेसर बसवले. एएमडीने ती कंपनी २०१२ मध्ये ३३.४ कोटी डॉलरना घेतली आणि २०१५ मध्ये तो धंदा गुंडाळला. एचपीने २०११ मध्ये कॅल्क्सेडा या कंपनीचे एआरएम (फोनमध्ये असते त्या घडणीचे) प्रोसेसर घेऊन छोट्या सर्व्हरचा मूनशॉट प्रकल्प जाहीर केला. ते ३२ बिटचे होते, म्हणून एका प्रोसेसरला जेमतेम ४ जीबी मेमरी. कॅल्क्सेडा २०१३ च्या डिसेंबरात बंद पडली. माणसांनी यात वर्षं घातली आहेत. त्यांनी प्रयत्नच केला नाही असं म्हणणं मला फार लागतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "मग आता अ‍ॅमेझॉनचा ग्रॅव्हिटॉन कसा चालला?" हा अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरमधला एआरएम प्रोसेसर. चालला, पण तो फोनचा प्रोसेसर नाही. ग्रॅव्हिटॉन२ मध्ये ६४ कोअर आहेत. अँपिअर कंपनीच्या आल्ट्रा या ८० कोअरच्या एआरएम सर्व्हर प्रोसेसरची मर्यादा २५० वॉटपर्यंत जाते. फुगाकू हा जपानी महासंगणकही एआरएमवरच चालतो. जून २०२० मध्ये तो जगात पहिला आला तेव्हा सुमारे २८ मेगावॉट घेत होता. बचत होते ती वॉटमागे जास्त काम काढल्याने.

दाव्यात न आलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गूगलच्या बारोझो आणि हॉल्झले यांनी २००७ मध्येच दाखवलं होतं की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्केच कामात असतात, आणि रिकामे असतानाही पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मी वीज खातात. मी स्वतः रॅकमधल्या एका सर्व्हरला मीटर लावून सगळी कामं थांबवली होती. पंखे मंदावले, पण आकडा निम्म्याखाली उतरेना. मग त्याची कामं शेजारच्या अर्धवट रिकाम्या सर्व्हरवर हलवली आणि याची वायर काढली. प्रोसेसर तेच जुने होते. शेजारच्या मीटरवरचा आकडा थोडासाच वाढला, इकडचा शून्यावर आला.