बारीक टायर, टाईट हवा: एका फॉरवर्डची हवा सोडताना

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. त्याआधीचा आठवडा मामांच्या सायकल दुकानासमोर नुसती रांग असते. यंदा त्या रांगेतले निम्मे बाप मोबाईल पुढे करून उभे होते. गावाच्या ग्रुपवर मेसेज आला होता: ‘सायकल जड चालते? टायर बारीक घ्या, जाड टायर म्हणजे पायावर ओझं. हवा दगडासारखी टाईट ठेवा. उन्हाळ्यात मात्र निम्मी सोडा, उन्हात हवा दुप्पट फुगते. रबराच्या उंच गोट्यांचं टायर घ्या, पकड डबल. नाहीतर सरळ ठोस टायर बसवा, पंक्चरची कटकट कायमची बंद.’ खाली ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’ होतंच.

माझं अर्धं लहानपण त्याच दुकानात, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्यात गेलं. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी बारीक टायरचं बघू. चाक फिरताना जमिनीला टेकलेला टायरचा भाग दबतो आणि सुटला की पूर्ववत होतो. दाबायला लागलेली सगळी ताकद रबर परत देत नाही, काही आतल्या आत उष्णता होऊन जिरते. सपाट रस्त्यावर हळू चालवताना पायाला जाणवणारा जडपणा बराचसा हाच. हवेचा दाब सारखा असेल तर जाड टायरचा ठसा आखूड आणि रुंद पडतो, बारीकचा लांबट. लांबट ठशात टायर जास्त दबतो, म्हणून ताकदही जास्त जिरते. शर्यतीवाले हे कधीच समजून चुकले. टूर द फ्रान्समध्ये एके काळी २३ मिलिमीटरचे टायर सर्रास असत, आता २८ किंवा त्याहून रुंद दिसतात.

मग आपल्या पोरांची जाड टायरची सायकल जड का लागते? कारण जाडीत नाही, टायरच्या रबराखालच्या कापडात आहे. हे सांगून पटत नाही, म्हणून मामांनी एक झिजलेलं टायर ब्लेडनं उभं चिरून रांगेतल्या लोकांच्या हातात दिलं. वरचं रबर सोललं की खाली धागे दिसतात, सगळे तिरपे आणि एकमेकांना समांतर. त्याखालच्या थरात तेच धागे उलट्या बाजूला तिरपे. लुगड्यासारखे ते उभे-आडवे विणलेले नसतात. कपाशीच्या मुलखातल्या माणसाला याचं कारण लगेच कळतं: विणलं की धागा धाग्यावरून जातो, टायर दर फेरीला वाकतो आणि धागेच एकमेकांना घासून कापतात. पूर्वी हे धागे सुती असत आणि पाणी लागून कुजत. आता नायलॉनचे असतात.

एका इंचात धागे किती, यावर टायरचा स्वभाव ठरतो. स्वस्त टायरमध्ये वीस-तीस जाड धागे असतात आणि त्यांच्यामधली जागा रबरानं भरलेली असते. असं टायर हातात वाकवून बघा, चामड्याच्या जुन्या वहाणेसारखं अडून बसतं. ६० किंवा १२० धाग्यांचं टायर घडी घालावी तसं वाकतं. जे सहज वाकतं ते कमी ताकद खातं. पण बारीक धाग्यांचं कापड पातळ असतं आणि बाभळीच्या काट्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. पांदणीनं शाळेत जाणाऱ्या पोरीला १२० धाग्यांचं टायर घेऊन देणारा बाप आठवड्यात माझ्या नावानं बोटं मोडेल. आपल्याकडे मधलं टायर बरं.

एका बाबतीत मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, पण ते त्यालाही ठाऊक नसावं. पावसात काळी माती चाकाला लपेटते आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते. मग सायकल चालत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. तिथं बारीक टायरला बाजूनं जागा राहते, माती निसटते. चिखलाच्या त्या दिवसांपुरता बारीक टायर शहाणा.

आता दगडासारखी हवा. पोरगी, दप्तर आणि सायकल मिळून ७० किलो धरा. त्यातले साधारण ४२ मागच्या चाकावर येतात. ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेत त्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग जवळपास १५ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे आगपेटीच्या पाठीपेक्षा थोडा लहान. हवा ८० केली की तो निम्मा होतो. गुळगुळीत डांबरावर चालेल, पण मुरमाच्या रस्त्यावर असं चाक दगडाला वळसा घालत नाही, त्यावरून उडी मारतं. दर उडीला पुढं जायची ताकद पोरीला वर फेकण्यात जाते. मुरमात रुततं ते वेगळंच. टायरच्या कडेला छापलेला हवेचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भराच असं तो सांगत नाही. पोरीचं वजन कमी असेल तर हवाही कमी लागते.

उन्हात हवा दुप्पट फुगते, हे मात्र निव्वळ घाबरवणं आहे. हवेचं फुगणं शून्याखालच्या २७३ अंशांपासून मोजतात. सकाळचे २८ अंश दुपारी ४५ झाले, तर हिशेबात ३०१ चे ३१८ झाले, जेमतेम साडेपाच टक्के वाढ. सकाळी ४० भरली असेल तर दुपारी ४३ (पंपाच्या काट्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला नसतो, म्हणून वाढ साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त दिसते). उन्हात उभ्या सायकलीचं टायर तापून ६५ अंशांवर गेलं तरी ४७ च्या आसपास. मे महिन्यात ट्यूब फुटतात हे खरं, पण पंक्चरच्या जुन्या चकतीखालचं सोल्यूशन उष्णतेनं सुटतं किंवा टायरच्या भेगेतून ट्यूब बाहेर डोकावते, म्हणून. निम्मी हवा सोडून चालवलं तर पहिल्याच दगडावर ट्यूब रिंग आणि दगडाच्या कैचीत सापडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मेसेजवाल्याचा हा उपाय म्हणजे मामांच्या धंद्याची जाहिरात.

गोट्यांच्या टायरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डांबरावर साधं टायर जास्त धरतं, कारण तिथं रबर टेकायला हवं, गोट्यांमधली हवा नव्हे. गोटे मऊ मातीत कामाचे, तेही त्यांच्यात पुरती फट असेल तर. नाहीतर आपली काळी माती दहा पावलांत सगळं भरून टाकते.

राहिलं ठोस टायर. ते काही नवीन नाही, हवेच्या टायरआधी तेच होतं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, ती ठोस रबराच्या दणक्यांना कंटाळूनच. पुढच्याच वर्षी विली ह्यूम तिथल्या शर्यतीत हवेच्या टायरवर उतरला आणि ठोस टायरवाल्यांना मागे टाकून गेला. माझ्या भाच्यानं ऑनलाइन ठोस टायर मागवलं होतं. पंक्चर झालं नाही, कबूल. पण दणके थेट रिंगला बसून मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले, आणि पायडल मारताना मला म्हणाला, ‘मामा, चिखलात चालवल्यासारखं वाटते.’

रांगेत मेसेज दाखवणारा एकजण ठोस टायरच मागत होता. महिन्यात तीनदा पंक्चर, पोरगी रडते. मामांनी मागचं टायर उतरवलं आणि आतून बोट फिरवलं. एका जागी बोट थबकलं. चिमट्यानं त्यांनी तुराटीचं टोक बाहेर काढलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिन्ही वेळा कोणीतरी ट्यूब जोडून दिली होती, टायरच्या आत कोणी पाहिलंच नव्हतं.

‘याले नवं टायर नाही पायजे,’ मामा म्हणाले, ‘बोट पायजे होतं.’